आमच्या ज्येष्ठांच्या वसाहतीतील घडामोडी : छपरे, वर्गणी आणि "मी तोवर असेन का?"

सायंतारा

कॅलिफोर्नियातील एका ज्येष्ठांच्या वसाहतीत माझे यजमान आणि मी नऊ वर्षांपासून राहत आहोत. गेल्या वर्षी, "तुम्ही शिक्षिका होतात, लिहिण्याची सवय आहे" एवढ्या भांडवलावर शेजाऱ्यांनी मला घरमालकांच्या संघटनेच्या, म्हणजे सगळे जिला नुसते एचओए म्हणतात तिच्या, संचालक मंडळावर सचिव म्हणून बसवले. अशा वसाहतीत घर घेऊ पाहणारे मराठी लोक मला जे प्रश्न विचारतात ते बहुधा पोहण्याचा तलाव, क्लबहाऊस आणि शेजारपाजारी मराठी कोणी आहे का, येथपर्यंत येऊन थांबतात. संघटना नेमके काय करते, हे पहिल्या वर्गणीवाढीचे पत्र दारात पडले की कळते. म्हणून या वर्षीच्या घडामोडी येथे मांडते. त्यांतल्या एका प्रश्नाचे उत्तर मला सापडलेले नाही, आणि धागा काढण्याचे खरे कारण तेच आहे.

किरकोळ बातम्या आधी. तलावाचा हीटर तीन आठवडे बंद होता, तो सुरू झाला. ग्रंथालयात मोठ्या टाइपातील पुस्तकांसाठी वेगळे कपाट आले. पिकलबॉल या टेनिससारख्या खेळाचे कोर्ट आता सकाळी आठऐवजी नऊला उघडते, कारण त्या टणक चेंडूच्या टकटकीने कोर्टालगतच्या घरांतील लोक हैराण झाले होते. या एका विषयावर मंडळाच्या सलग तीन सभा खर्ची पडल्या, आणि त्या तिन्ही सभांत छपरांचा अहवाल पुढच्या सभेवर ढकलला गेला, हेही मलाच इतिवृत्तात लिहावे लागले.

एक उपक्रम मात्र मनापासून सांगण्यासारखा आहे. एकट्या राहणाऱ्या रहिवाशांची आम्ही फोनची साखळी केली आहे. रोज सकाळी नऊच्या आत प्रत्येकाने यादीतील पुढच्या व्यक्तीला फोन करायचा. दोनदा करूनही उचलला गेला नाही, तर ज्याच्याकडे त्या घराची जादा किल्ली ठेवलेली आहे त्याने जाऊन पाहायचे. मार्च महिन्यात न्हाणीघरात पडलेल्या एका बाई याच साखळीमुळे तासाभरात सापडल्या. याला वर्षाकाठी संघटनेचा एक डॉलरही लागत नाही.

आता छपरे. आमच्या इमारती जोडघरांच्या आहेत आणि छपरांची जबाबदारी संघटनेची आहे. राज्याच्या कायद्याप्रमाणे दर तीन वर्षांतून किमान एकदा सामाईक मालमत्तेची प्रत्यक्ष पाहणी करून कोणती वस्तू किती वर्षे टिकेल, बदलायला किती खर्च येईल आणि राखीव निधीत किती पैसे असायला हवेत, याचा अभ्यास करावा लागतो. यंदाच्या अहवालानुसार आमच्या छपरांची तीन वर्षे उरली आहेत आणि निधीत असायला हव्या होत्या त्याच्या निम्म्याहून कमी रकमा आहेत. नियमित वर्गणी मंडळ सभासदांच्या मताविना वर्षाला जास्तीत जास्त २० टक्के वाढवू शकते. विशेष वर्गणी, म्हणजे एखाद्या मोठ्या कामासाठी वेगळी मागितलेली रक्कम, त्या वर्षाच्या अंदाजपत्रकी खर्चाच्या ५ टक्क्यांहून अधिक असेल तर मतदान घ्यावे लागते, त्यात निम्म्याहून अधिक सभासदांनी भाग घ्यावा लागतो, आणि भाग घेणाऱ्यांचे बहुमत लागते. छपरांसाठी अशाच विशेष वर्गणीच्या प्रस्तावाच्या मतपत्रिका घरोघरी पोचल्या आहेत.

त्यापूर्वीच्या सभेत शहाऐंशी वर्षांचे एक गृहस्थ काठीचा आधार घेत उभे राहिले आणि म्हणाले, "नवी छपरे वीस-पंचवीस वर्षे टिकणार, असे तुम्ही सांगता. मी तोवर असेन का? मग माझ्याकडून पैसे कशाचे घेता?" सभागृहात कोणी हसले नाही, आणि अध्यक्षांसह कोणाला उत्तरही सुचले नाही. "एका सभासदाने खर्चाच्या विभागणीबद्दल प्रश्न विचारला," एवढेच मी इतिवृत्तात लिहिले, आणि ते वाक्य तेव्हापासून मला टोचते आहे. तुम्ही काय उत्तर दिले असते?

ऐंशीपार

सायंताराताई, मी त्र्याऐंशी वर्षांचा आहे आणि अ‍ॅरिझोनातील अशाच एका वसाहतीत राहतो. त्यामुळे मी उत्तर देणाऱ्यांच्या नव्हे, तर त्या गृहस्थांच्या बाजूला बसून लिहितो आहे असे समजावे.

या वसाहती आम्हाला कशा विकल्या गेल्या, ते आधी आठवावे. बांधकाम व्यावसायिक डेल वेब यांनी १ जानेवारी १९६० रोजी आमच्या राज्यात सन सिटी ही ज्येष्ठांची वसाहत खुली केली, तेव्हा पहिल्याच शनिवार-रविवारच्या आसपास लाखभर माणसे ती पाहायला लोटली होती. लोकांना सांगितले गेले ते हे, की आयुष्यभर पुष्कळ भरलेत, आता खर्च मोजका, जबाबदारी कमी, गोल्फ खेळा आणि निवांत राहा. त्या आश्वासनावर माझ्या पिढीने मोठी घरे विकून लहान घरे घेतली. आता आमच्याच दारात वीस टक्के वाढीचे पत्र येते. सोशल सिक्युरिटीची, म्हणजे आमच्या सरकारी निवृत्तिवेतनाची, वाढ २०२४ साली ३.२ टक्के होती आणि २०२५ साली २.५ टक्के, त्याच २०२५ मध्ये मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या 'पार्ट बी'चा मासिक हप्ता १७४.७० डॉलरवरून १८५ डॉलरवर गेला, आणि तो निवृत्तिवेतनातूनच परस्पर कापला जातो. मंडळे आपले आकडे रंगीत तक्त्यांवर दाखवतात. आमच्या बाजूचा हा हिशेब कोणी मांडत नाही.

मंडळावर बहुधा पासष्ट-सत्तरीतील उत्साही माणसे असतात. त्यांच्यासाठी वीस वर्षे हा एक टप्पा असतो. आम्ही हिरवी केळी घेतानाही विचार करतो.

जुनीखातेवही

काका, तुमच्या हिरव्या केळ्यांवर मनापासून हसलो, आणि तरीही तुमच्याशी सहमत होता येत नाही. मी आयुष्यभर लेखापरीक्षण केले आणि निवृत्तीनंतर सहा वर्षे आमच्या संघटनेचा खजिनदार होतो. त्या गृहस्थांच्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, की राखीव निधी भविष्यासाठी असतो. सभांमध्ये आम्ही खजिनदारच तसे बोलत आलो, "उद्याची तरतूद" वगैरे, आणि हा गैरसमज आम्हीच पसरवला. राखीव निधी प्रत्यक्षात झालेल्या झिजेचा असतो.

एक साधा हिशेब करून पाहू. त्यात महागाई आणि व्याज बाजूला ठेवतो. समजा, १२० घरांच्या वसाहतीची छपरे २० वर्षे टिकतात आणि बदलायला ६ लाख डॉलर लागतात. म्हणजे दर वर्षी ३०,००० डॉलरचे छप्पर ऊन-पावसाने खाल्ले जाते. घरटी वर्षाला २५० डॉलर, महिन्याला २१ डॉलरहूनही थोडे कमी. पंधरा वर्षे झाली असतील तर निधीत साडेचार लाख असायला हवेत, कारण तेवढे छप्पर वापरून संपलेले आहे. शहाऐंशी वर्षांच्या त्या गृहस्थांना पुढच्या वीस वर्षांचे पैसे कोणी मागतच नाही. ज्या पंधरा वर्षांच्या पावसात ते आणि त्यांचे शेजारी कोरडे झोपले, त्या वर्षांची ही थकबाकी आहे.

मग ती थकबाकी आज एकदम अंगावर का आली? कारण आधीच्या मंडळांनी वर्षानुवर्षे "आम्ही वर्गणी वाढवली नाही" या एका वाक्यावर निवडणुका जिंकल्या. त्या काळात जे घर विकून गेले ते आपल्या वाट्याचे छप्पर वापरून, पैसे न देता गेले. विशेष वर्गणी त्या दिवशी ज्याच्या नावावर घर असेल त्याच्यावर पडते. माझ्या उदाहरणात कोणी काहीच साठवले नसेल तर विसाव्या वर्षी घरटी ५,००० डॉलर. हा अन्याय आहे, हे मी मान्य करतो. पण तो छपरांच्या खर्चाने केला नाही, कमी वर्गणीच्या कौतुकाने केला. त्यामुळे त्या गृहस्थांचा राग योग्य आहे. तो चुकीच्या मंडळावर निघाला, एवढेच.

हा केवळ पैशांचा विषय नाही, म्हणून आणखी थोडे लिहितो. फ्लोरिडातील सर्फसाइड येथे २४ जून २०२१ च्या पहाटे एका बारा मजली इमारतीचा मोठा भाग कोसळला आणि ९८ माणसे गेली. १९८१ साली बांधलेल्या त्या इमारतीच्या दुरुस्तीचा अंदाज सुमारे दीड कोटी डॉलरवर गेला होता, आणि तेथील संघटनेत विशेष वर्गणीवरून बराच काळ वाद चालला होता. त्यानंतर २०२२ साली फ्लोरिडाने कायदा बदलला. तीन किंवा अधिक मजल्यांच्या सामाईक मालकीच्या इमारतींत आता सभासदांना मत देऊनही संरचनेसाठीचा राखीव निधी माफ करून घेता येत नाही. तुमच्या कॅलिफोर्नियातही बर्कली येथे १६ जून २०१५ रोजी सज्जा कोसळून सहा तरुण गेले, आणि त्यातून पुढे नियम आला की अशा इमारतींच्या लाकडी आधाराच्या, जमिनीपासून उंच असलेल्या सज्ज्यांची आणि जिन्यांची दर नऊ वर्षांनी तपासणी करावी. छप्पर गळते तेव्हा पाणी नुसते गालिच्यावर पडत नाही, ते तुळईतही मुरते.

कोपऱ्यावरचे घर

खातेवही, तुमचा हिशेब मला समजला आणि पटलाही. पण पटल्याने पैसे येत नाहीत. माझे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. दोन निवृत्तिवेतनांतून चालणारे घर आता एकात चालते, आणि संघटनेची वर्गणी मात्र घरात माणसे किती आहेत हे पाहत नाही. आमच्याकडे गेल्या वर्षी दोन महिने वर्गणी चुकली तेव्हा थेट वकिलाचे पत्र आले. पत्र वाचून मी दोन रात्री झोपले नाही, कारण त्यात घर जप्त होऊ शकते असे लिहिले होते. कोणाला सांगायचीही लाज वाटली. अशा लोकांनी या मतपत्रिकेवर "हो" कसे म्हणायचे? मीही कॅलिफोर्नियातच आहे.

सायंतारा

ताई, तुम्ही हे लिहिलेत ते बरे केले. आमच्या मंडळाच्या चर्चेत ही बाजू सर्वांत कमी बोलली जाते, आणि तिचे कारण तुम्हीच लिहिले आहे: लाज.

सचिव झाल्यावर मी कायद्याची ही कलमे मुद्दाम वाचली, म्हणून सांगते. आपल्या राज्यात थकलेली वर्गणी, विलंब शुल्क आणि व्याज सोडून, १,८०० डॉलरहून कमी असेल आणि थकून बारा महिने झालेले नसतील, तर संघटनेला त्यासाठी घराचा लिलाव पुकारता येत नाही. त्याआधी सभासदाला हप्त्यांची योजना मागण्याचा आणि मंडळाशी भेटून बोलण्याचा अधिकार आहे, आणि लिलावाचा निर्णय मंडळालाच मत देऊन घ्यावा लागतो. व्यवस्थापक कंपनीला किंवा वकिलाला तो परस्पर घेता येत नाही. दोन महिन्यांच्या थकबाकीवर आलेल्या त्या पत्रातील शब्द खरे असले, तरी त्यांतून जी भीती तुम्हाला वाटली तिला आधार नव्हता. पत्र धाडण्याआधी कोणीतरी दार वाजवायला हवे होते, हे माझे वैयक्तिक मत आहे, आणि मी ते आमच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घालणार आहे. विषयपत्रिका चार दिवस आधी लावावी लागते आणि तिच्यात नसलेल्या विषयावर मंडळाला सहसा निर्णय घेता येत नाही, म्हणून आजच पाठवते.

आमच्या प्रस्तावातही एक बदल सुचवणार आहे: ज्यांना हवे त्यांना विशेष वर्गणी छत्तीस मासिक हप्त्यांत भरता यावी. छपरे सगळी एका महिन्यात बदलणार नाहीत, मग पैसे एका महिन्यात का मागायचे?

लेकीची काळजी

नमस्कार. माझी आई कॅलिफोर्नियातील एका अशाच वसाहतीत राहते. चार महिन्यांपूर्वी पडल्यानंतर तिला शुश्रूषागृहात ठेवावे लागले आहे, घर बंद आहे आणि तिच्या पत्रपेटीत नेमकी अशीच एक मतपत्रिका येऊन पडली आहे. तिचे सर्वाधिकारपत्र माझ्याकडे आहे. मी तिच्या वतीने मत देऊ शकते का? दुसरे असे, की ती घरी परतली तर मला तिच्याजवळ जाऊन राहावे लागेल. मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. मला तेथे राहू देतील का? आणि माझ्या मुलांना उन्हाळ्याच्या सुटीत?

सायंतारा

मत देऊ शकता. सर्वसाधारण सर्वाधिकारपत्र ज्याच्याकडे आहे त्याला मतपत्रिका नाकारता येत नाही, असे कायदाच सांगतो. अधिकारपत्राची प्रत आधी निवडणूक निरीक्षकाकडे पोचवा, म्हणजे ऐनवेळी वाद होणार नाही.

राहण्याबद्दल: अशा वसाहतींची वयाची अट केंद्रीय कायद्याच्या सवलतीवर उभी आहे. मुलाबाळांच्या कुटुंबांना घर नाकारणे १९८८ पासून भेदभाव ठरते. ज्येष्ठांच्या वसाहतींना त्यातून सूट आहे, आणि १९९५ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्नच्या वसाहतींसाठी मुख्य कसोटी ही, की वस्ती असलेल्या किमान ८० टक्के घरांत एक तरी व्यक्ती पंचावन्न किंवा अधिक वयाची असावी, आणि संघटनेने दर दोन वर्षांनी त्याची पडताळणी करावी. ती पडताळणीची पत्रे लोक कचऱ्यात टाकतात आणि मग मी दारोदार जन्मतारखा विचारत फिरते. पण हे हलके घेण्यासारखे नाही. अ‍ॅरिझोनातील यंगटाउन ही १९५४ साली वसलेली या प्रकारची अगदी पहिल्या काळातील वसाहत; एका किशोरवयीन नातवाच्या वास्तव्यावरून वाद पेटला आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिला वयाची अटच गमवावी लागली.

आपल्या राज्याचा नियम याहून तपशीलवार आहे. जी व्यक्ती ज्येष्ठ रहिवाशाबरोबर राहते आणि पंचेचाळीस किंवा अधिक वर्षांची आहे, किंवा त्या रहिवाशाची मुख्य शारीरिक किंवा आर्थिक जबाबदारी उचलते, तिला पात्र कायम रहिवासी मानले जाते. ज्येष्ठ व्यक्ती पुढे रुग्णालयात गेली किंवा निवर्तली तरी या सोबत राहणाऱ्या व्यक्तीचा तेथे राहण्याचा हक्क टिकतो. मात्र आई घरी असताना तुम्ही तेथे राहायला लागणे महत्त्वाचे, म्हणून आधी वसाहतीच्या कार्यालयाला लेखी कळवा. मुलांसारख्या तात्पुरत्या पाहुण्यांना वर्षातून ६० दिवसांपर्यंत राहू देण्याला संघटना आडकाठी करू शकत नाही; काही संघटना याहून जास्त दिवस देतात.

सहनिवास_सचिव

मी महाराष्ट्रातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. विषय तुमच्याकडचा असला तरी एकच मुद्दा जोडतो. आमच्या आदर्श उपविधींत तुमच्या राखीव निधीसारखा सिंकिंग फंड आहे: सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या, जमिनीची किंमत वगळून, वर्षाला किमान ०.२५ टक्के; आणि दुरुस्ती-देखभाल निधी किमान ०.७५ टक्के. किमान हा शब्द सर्वजण विसरतात, आणि बांधकाम खर्च तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा धरला जातो, त्यामुळे जमणारी रक्कम इमारत रंगवायलाही पुरत नाही. तुमच्याकडे दर तीन वर्षांनी प्रत्येक वस्तूचे उरलेले आयुष्य कोणीतरी येऊन मोजतो, हे वाचून हेवा वाटला. मोजूनही पैसे साठत नाहीत, हे वाचून थोडे बरेही वाटले.

पिकलबॉलवाला

आमच्या खेळावर पहिल्याच परिच्छेदांत खापर फुटलेले पाहून राहवले नाही. १९६५ साली वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर तीन कुटुंबप्रमुखांनी कंटाळलेल्या मुलांसाठी जुळवाजुळव करून काढलेला हा खेळ आज आजी-आजोबांनी ताब्यात घेतला आहे, आणि त्याला कारण आहे: कोर्ट लहान, धावणे कमी, आणि चौघांत खेळताना बोलायला भरपूर वाव.

मुद्द्यावर येतो. सायंताराताईंची खरी अडचण मते मिळण्याची नाही, लोकांनी मतदान करण्याची आहे. निम्म्याहून अधिक सभासदांनी पाकीट परत पाठवणे हे ज्येष्ठांच्या वसाहतीत सोपे नसते. कोणी मुलाकडे गेलेले, कोणी रुग्णालयात, कोणाला बारीक अक्षर दिसत नाही, कोणाला ते पाकीट जाहिरातीचे वाटते. आमच्या वसाहतीत गेल्या निवडणुकीच्या वेळी कोर्टवरच्या मंडळींनी आणि भजनी मंडळासारख्या चालणाऱ्या गायनवृंदाने गल्ल्या वाटून घेतल्या आणि घरोघर विचारले, "पाकीट आले का? पाठवले का?" हे उपक्रम नसते, तर कोणाच्या दारात कोणी कशाला गेले असते? तुमच्या फोनच्या साखळीचाही या कामी उपयोग करा.

जुनीखातेवही

थांबा, येथे जपून. पाकीट पाठवले का, हे विचारणे ठीक. "हो म्हणा" असे सांगणे हा प्रचार झाला. प्रचारासाठी संघटनेचा पैसा वापरता येत नाही, आणि संघटनेच्या बातमीपत्रात किंवा संकेतस्थळावर एका बाजूला जागा दिली तर विरुद्ध बाजूलाही तेवढीच द्यावी लागते. फोनची साखळी हा संघटनेचा उपक्रम असेल, तर तिच्यातून फक्त आठवण द्यावी. सकाळी पडलेल्या माणसाला शोधण्यासाठी जी साखळी आहे तिच्यावर कोणाचाही राजकीय संशय येऊ नये, हे मला कायद्याहूनही महत्त्वाचे वाटते.

पाकिटांबद्दलही सांगून ठेवतो. आतील पाकिटावर किंवा मतपत्रिकेवर नाव वा सही नको, बाहेरील पाकिटाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात नाव, पत्ता आणि सही हवी. आयुष्यभर प्रत्येक कागदावर सही करायची सवय असलेली माझ्यासारखी माणसे नेमके उलटे करतात.

ऐंशीपार

खातेवही, चार दिवस विचार केला. झिजेचा तुमचा मुद्दा मी मान्य करतो. मी अकरा वर्षे या छपराखाली राहिलो, आणि त्या अकरा वर्षांचे माझ्याकडे निघतात, हे कोणी मला याआधी या शब्दांत सांगितलेच नव्हते. आमच्या मंडळाने नेहमी "पुढच्या पिढीच्या रहिवाशांसाठी" असे म्हटले, आणि त्या पिढीशी माझे काही देणेघेणे नाही, असे मी प्रत्येक वेळी मनात म्हणत आलो.

पण दोन गोष्टी सोडणार नाही. पहिली, हप्ते. छत्तीस हप्त्यांत घ्या आणि घर विकले गेले तर उरलेले हप्ते विक्रीच्या वेळी वळते करा; म्हणजे माणूस राहिला तितके त्याने प्रत्यक्ष भरले, आणि उरलेले घराच्या किमतीतून आले. दुसरी, त्या गृहस्थांचा प्रश्न इतिवृत्तात जसाच्या तसा लिहा. "खर्चाच्या विभागणीबद्दल प्रश्न" असे नाही. त्यांनी विचारले होते, "मी तोवर असेन का?"

जुनीखातेवही

हप्त्यांबद्दल पूर्ण सहमत. इतिवृत्ताबद्दल नाही. इतिवृत्त हे निर्णयांचे असते, कोण काय बोलले त्याचे नसते. बोलणे लिहू लागलात की पुढच्या सभेत प्रत्येक जण इतिवृत्तासाठी बोलू लागतो, आणि पिकलबॉलला तीन नव्हे, सहा सभा लागतात. शिवाय उद्या वाद न्यायालयात गेला तर तोच कागद तेथे जातो.

कोपऱ्यावरचे घर

मी आमच्या कार्यालयात हप्त्यांची योजना लेखी मागितली. मिळाली. पत्रावरचा दूरध्वनी क्रमांक फिरवायला मला एक वर्ष लागले, आणि योजना मिळायला वीस मिनिटे.

सायंतारा

काही महिन्यांनंतर लिहिते आहे, कारण मतदानाच्या काळात मला जाहीरपणे काही लिहिणे योग्य वाटले नाही.

प्रस्तावात हप्त्यांची आणि विक्रीच्या वेळी उरलेली रक्कम वळती करण्याची तरतूद घातली, म्हणून मतपत्रिका मागे घेऊन नव्या पाठवाव्या लागल्या. छपाईचा आणि टपालाचा खर्च दुप्पट झाला, आणि त्याबद्दल मंडळाने सभेत बोलणी खाल्ली. मुदतीच्या दिवशी आवश्यक संख्येला तीन पाकिटे कमी पडली. आमच्या नियमांत मुदतवाढीची सोय होती, म्हणून तीन आठवडे वाढवून दिले, आणि त्या काळात साखळीतून रोज एकच वाक्य गेले: "पाकीट पाठवले का?" खातेवहींच्या सांगण्यावरून बातमीपत्रात प्रस्तावाच्या बाजूने एक पान छापले, तेवढेच एक विरोधात, आणि विरोधातले जास्त चांगले लिहिलेले होते.

मतमोजणी क्लबहाऊसमध्ये सर्वांसमोर झाली. निरीक्षकाने बाहेरील पाकिटावर सही नसलेली पाकिटे बाजूला ठेवली तेव्हा मागच्या रांगेतून एक आजी मोठ्याने म्हणाल्या, "ते माझे असणार." प्रस्ताव मंजूर झाला, पण अंतर फार नव्हते, आणि ज्यांनी "नाही" म्हटले त्यांना मी रोज तलावावर भेटते.

मागच्या सभेच्या इतिवृत्तातील माझे वाक्य मी बदलले नाही. खातेवही बरोबर आहेत. मात्र सभासदांसाठी जे प्रश्नोत्तरांचे पत्रक काढले, त्यात पहिला प्रश्न त्या गृहस्थांच्याच शब्दांत, नाव न घेता छापला, आणि उत्तरात झिजेचा हिशेब आमच्या छपरांच्या आकड्यांसह दिला.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी ते गृहस्थ स्वतः पाकीट घेऊन कार्यालयात आले होते. सही बरोबर जागी आहे का, एवढे त्यांनी मला विचारले. आत काय होते ते मला माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. मग त्यांनी विचारले, की मंजूर झालेच तर काम त्यांच्या इमारतीवर केव्हा येईल, कारण खालच्या कुंड्या हलवाव्या लागतील आणि त्यांना ते आता एकट्याने जमत नाही. उत्तरेकडून सुरुवात होणार आहे आणि त्यांची इमारत शेवटून दुसरी आहे, म्हणजे पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर, असे मी सांगितले. त्यांनी खिशातून डायरी काढली, चष्मा पुसला, महिना लिहून घेतला आणि कुंड्या हलवायला कोण येईल, त्याचे नावही लगेच लिहून मागितले. मी माझ्या यजमानांचे दिले.